ताईचं आधी

त्या घरात दूध वाटायची एक रीत होती. संध्याकाळी पातेलं खाली उतरलं की आधी ताईचा पेला भरायचा, काठोकाठ, थेंब कमी नाही की थेंब जास्त नाही. उरलेलं, पातेल्यासकट, धाकट्याचं. पाहुणे आलेले असले की धाकट्याच्या वाट्याला दोन घोट येत. कुणी नसलं की पठ्ठ्या अर्धं पातेलं रिकामं करून वर साय खाई आणि तळाची खरवड चमच्याने खरवडत बसे. ताई आपल्या रिकाम्या पेल्याकडे बघत धुसफुसत राही. "माझं आधी, पण मोजून का?" असं तिने एकदा बाबांना विचारलंही होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझं कधी चुकायचं नाही." ताईला ते उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि पुढेही नाही.

बाबांचा रंगाच्या ब्रशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याचं छप्पर, खाली वीसेक माणसं, एका टोकाला लाकडाच्या मुठी तासायचं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला केसांचं टेबल. जनावराचे केस उकळून, वाळवून, विंचरून त्या टेबलावर येत आणि तिथे त्यांची मिसळ होई. लांब किती, आखूड किती, राठ किती, मऊ किती, हे त्या टेबलावर ठरायचं, आणि ठरवायची ताई. शाळा सुटल्यावर खेळायला जायचं सोडून ती तिथे जाऊन बसायची. मिसळ जमली की नाही हे ती तयार ब्रश गालावरून फिरवून सांगे. बाबांचा अंदाज चुकायचा, तिचा गाल चुकत नसे. लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही, ती दोन वर्षांत परत आली. तेव्हा लोकांनी काय काय तोंडसुख घेतलं ते सोडा. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी उभी होती, एवढं खरं.

धाकट्याला सगळे शिडी म्हणत. चौदाव्या वर्षीच तो एवढा उंच झाला होता की सर्वांत वरच्या फळीवरची खोकी तो नुसता हात लांबवून काढी. स्वभावाने गरीब, बोलायला गोड, आणि ब्रशातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याला दुकानदारांशी गप्पा मारायला आवडायचं. तो गप्पा मारत फिरे आणि ऑर्डरी घेऊन येई. ताई त्याला शिव्या घालत त्या पुऱ्या करी. तसं बरं चाललं होतं.

मग बाबा गेले. तेराव्या दिवसाआधीच वकीलकाकांनी दोघांना कचेरीत बोलावलं. वकीलकाका बाबांचे जुने मित्र. कंपनीचे सगळे कागद त्यांनीच केले होते, आणि बाबांची वाटणीही.

"शेअर दोघांना सारखेच," ते म्हणाले. "पण जात वेगळी. शिडीला साधे शेअर. ताई, तुला प्रेफरन्स."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या घरातलं दूध." वकीलकाकांनी चष्मा काढला. त्यांनीही ते पातेलं कैकदा पाहिलं होतं. "नफा झाला की आधी तुझा लाभांश. ठरलेला, दरवर्षी तेवढाच. एखाद्या वर्षी देता आला नाही, तर तो साठून राहतो, पुढे आधी तो द्यायचा. तुझं दिल्यावर उरेल ते शिडीचं. उरलं भरपूर तर भरपूर, काहीच नाही तर काहीच नाही. आणि उद्या कंपनी मोडायची वेळ आली, तर बँक, कामगार, बाकीची देणी भागली की आधी तुझे पैसे. त्यानंतर काही राहिलं तर त्याचे."

"आणि कंपनी चालवायची कुणी?"

वकीलकाका चष्मा पुसू लागले. "मत साध्या शेअरला असतं, बाळ. प्रेफरन्सला नसतं. सलग दोन वर्षं तुझा लाभांश कंपनीने दिला नाही, तरच तुला मत मिळेल. तोवर निर्णय त्याचा."

ताईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "टेबल माझं. हात माझे. आणि मत त्याचं?"

"तू एकटी आहेस. तुझ्या बापाने जे बुडणार नाही ते तुला दिलं, आणि जे बुडू शकतं ते त्याला."

"मला बुडणारं चाललं असतं," ताई म्हणाली. शिडी बाजूला बसून आपल्या लांब हातांचं काय करावं ते न कळून गुडघे चोळत होता. त्याला या वाटणीत आपण जिंकलो असं मुळीच वाटत नव्हतं. पण तो तसं बोलला नाही, आणि ताईने त्याच्याकडे बघितलं नाही.

पहिली काही वर्षं तरीही निभावली. शिडीचं लग्न झालं, त्याने स्वतःचं घर बांधलं. ताई टेबलावर, शिडी बाहेर, आणि ठरलेल्या तारखेला तिचा लाभांश बँकेत जमा. मग शिडीने नायलॉनचं खूळ घेतलं. बाजारात स्वस्त ब्रश आले होते, दुकानदार त्याला रोज तेच ऐकवत. एका सकाळी त्याने ताईसमोर नमुना ठेवला, अर्धे केस, अर्धा नायलॉन.

ताईने तो गालावरून फिरवला आणि टेबलावर टाकला. "हा रंग धरणार नाही. केसाचं टोक फाटलेलं असतं म्हणून रंग धरतो. हा गुळगुळीत आहे, सगळा रंग रंगाऱ्याच्या मनगटावर येईल."

"ताई, लोकांना स्वस्त हवंय गं. मशीन घ्यावं लागेल. बँक देतेय कर्ज."

"घेऊ नकोस."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला विचारून?"

शिडी चांगला माणूस होता, पण त्या दिवशी त्याची जीभ घसरली. "विचारायला कुणाला पाहिजे? मत तर माझंच आहे ना?"

वीसेक माणसं काम थांबवून ऐकत होती. ताईने हातातली फणी खाली ठेवली, हात पुसले आणि ती निघून गेली. शिडी फाटकापर्यंत धावत आला, "ताई, तसं नव्हतं म्हणायचं" असं दोनदा म्हणाला. तिने पाठ फिरवली ती फिरवलीच.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिने खोली घेतली. शिवणकाम, शिकवण्या, मिळेल ते करून बघितलं, कशातच मन लागलं नाही. खरं सांगायचं तर तिचं घर चाले ते लाभांशावर. त्यातून भाडं गेलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, एकदा ती समुद्र बघायलाही जाऊन आली. आणि ज्या पैशावर जगत होती त्याच पैशाला ती रोज नावं ठेवत होती. तिला कारखान्याची खबर मिळे. नायलॉनचे ब्रश दुकानांतून परत येताहेत, माणसं कमी होताहेत, मग दुसरं मशीन आलंय आणि त्यासाठी कारखान्याची जागाच गहाण पडलीय. दर वर्षी ती मनाशी म्हणे, यंदा त्याला लाभांश जमायचा नाही. चुकू दे. दोन वर्षं चुकू दे, मग मी जाते आणि टेबलापाशी उभी राहते. ते दुसरं मशीन मी दारातूनच परत पाठवलं असतं! आणि दर वर्षी, त्याच तारखेला, पैसे जमा झाल्याचा बँकेचा निरोप येई. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"बघितलंस?" ती शेजारणीला म्हणे. "मला आत येऊ द्यायचं नाही, म्हणून वेळेवर टाकतो. तोंड बंद ठेवायचा हप्ता आहे हा."

शिडीचे फोन येत. ती उचलत नसे. हळूहळू येईनासे झाले.

आणि मग एका सकाळी वकीलकाकांचाच फोन आला. आवाज फार म्हातारा झाला होता. "ताई, कंपनी बंद करायचा ठराव आहे. सभेला यावं लागेल. तुझ्याशिवाय होणार नाही."

तिला वाटलं, पैसे घ्यायला बोलावताहेत. मोडायची वेळ आली, तर आधी तुझे. ती ताठ मानेने गेली. मनात म्हणत होती, बघू दे आता त्याला रिकामं पातेलं.

फाटकातून आत गेल्यावर तिचा ताठा जरासा कमी झाला. छपराखाली चारच माणसं होती, तीही खोकी बांधत होती. नायलॉनची दोन मशीनं चादर टाकून झाकली होती. केसांचं टेबल मात्र जागच्या जागी होतं, पुसलेलं. वर, जिथे पूर्वी केसांच्या पेट्या ठेवायचे, त्या माळ्याच्या कठड्यावर एक साडी आणि एक फार लांब शर्ट वाळत होता. रखवालदाराने बिऱ्हाड केलंय वाटतं, असं तिला वाटलं. मालकाचं लक्ष कुठेय?

कचेरीत वकीलकाका होते आणि शिडी होता. शिडी उठून उभा राहिला. केस पांढरे झाले होते आणि उंच माणसं वाकतात तसा तो खांद्यातून वाकला होता. "ये ताई," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी स्वतःची खुर्ची पुसली.

वकीलकाकांनी ठराव वाचला. मग म्हणाले, "दोघांची मतं सारखी आहेत. दोघांचा हात वर झाला तरच ठराव मंजूर."

"माझं कसलं मत?" ताई म्हणाली. "मला मत नाही. तुम्हीच सांगितलं होतंत, सलग दोन वर्षं लाभांश चुकला तर. माझा एकही चुकलेला नाही."

वकीलकाकांनी मान वर केली. "काय बोलतेस? कंपनीने लाभांश देऊन सहा वर्षं झाली. नफाच नव्हता, कुठून देणार? चार वर्षं तुला मत आहे. दर सभेचं बोलावणं मी याच्याकडे दिलं. तू आली नाहीस, मला वाटलं रागाने येत नाहीस."

"मला पैसे येत होते," ताई म्हणाली. "दर वर्षी. तारखेला."

दोघंही शिडीकडे बघत होते. त्याने परत गुडघे चोळायला सुरुवात केली, वाटणीच्या दिवशीसारखी.

"मी भरत होतो," तो म्हणाला.

"कंपनीतून?"

"कंपनीत कुठे होते? माझे. घर विकलं ना. थोडे थोडे करून पुरवले."

"कोणतं घर विकलंस? राहता कुठे तुम्ही?"

शिडीने वर बोट दाखवलं. माळ्याकडे. कठड्यावरची साडी भावजयीची होती, आणि तो लांब शर्ट दुसऱ्या कुणाचा असणार!

वकीलकाका चिडले. म्हाताऱ्या माणसाला ओरडताना धाप लागली. "अरे शहाण्या, तुझा खिसा म्हणजे कंपनी नव्हे! तू घरातून दिलेस म्हणून कंपनीने दिले असं होत नाही. लाभांश चुकलेलाच आहे. ही आत यायला हवी होती. दुसरं मशीन घ्यायच्या सभेत हिचं मत होतं!"

"मला वाटलं, पोचले म्हणजे पोचले," शिडी म्हणाला. "बाबा नाही का, गल्ला कमी पडला की खिशातून घालायचे? आणि ते बोलावण्याचे कागद... त्यात तोटा लिहिलेला असायचा, ताई. तू एकटी. वाचून तुला झोप लागली नसती. आणि मला लाजही वाटायची. तू म्हणाली होतीस ना, रंग धरणार नाही म्हणून."

ताईने मनात हिशेब केला. चार वर्षं. दुसरं मशीन येण्याआधीपासून तिचा हात मोजला जाणार होता. ती त्या दारातून आली असती, नाही म्हणाली असती, जागा गहाण पडली नसती, हा माळ्यावर राहिला नसता. ती ज्या दिवसाची वाट बघत होती तो कधीचाच येऊन गेला होता, आणि तिच्या भावाने स्वतःचं घर विकून तो तिच्यापासून झाकला होता, का, तर तिला झोप लागावी. आणि ती त्याच्या भिंती, त्याची दारं, त्याचं छप्पर खात बसली होती आणि वर त्याला हप्ता म्हणत होती.

"माझा फोन तरी उचलायचास गं," शिडी म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. नुसतं म्हणाला.

तेव्हा ती रडली. तोंडाला पदर लावून, आवाज करून, वकीलकाकांसमोर रडली. शिडी उठला, तिच्या खुर्चीपाशी आला, आणि एवढा उंच माणूस तिच्या पायाशी खाली बसला. "नको ना ताई," तो म्हणत राहिला. "तुझे पैसे बुडणार नाहीत. काकांना विचार. जागा, मशीनं विकली की बँक आणि पोरांचे पगार, आणि मग तुझेच. मी बघितलंय."

"आणि तुझं?"

"माझं काय, उरेल ते."

वकीलकाकांनी तोंड फिरवलं. उरणार काही नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं.

"बंद नको करूया," ताई म्हणाली. "मी टेबलावर बसते. उद्यापासून बसते. केसांची मिसळ करते. नायलॉन काढून टाकू."

"ताई," वकीलकाका म्हणाले, "बँकेने जागेला टाळं लावायची तारीख दिलीय. आपण होऊन बंद केलं, तर निदान विकताना भाव येईल. आता ते एकच मत देण्यासारखं राहिलंय."

शिडी उठून आपल्या जागी गेला. "मग मतं घेऊया," तो म्हणाला. "ताई, आधी तुझं."

तिने हात वर केला. आयुष्यभर जो हात मोजला जावा म्हणून ती तळमळली होती तो पहिल्यांदा मोजला गेला, आणि तो कारखाना बंद करायला. शिडीने तिच्यानंतर आपला लांब हात वर केला. वकीलकाकांनी लिहून घेतलं.

जाताना ती केसांच्या टेबलापाशी थांबली. त्यावर एक ब्रश होता, नवा, निव्वळ केसांचा. भावजय माळ्यावरून उतरून आली होती, ती म्हणाली, "रात्री रात्री बसून करायचे ते. तुमची मिसळ आठवून आठवून. गालावर फिरवायचे आणि म्हणायचे, मला काही कळत नाही बुवा." ताईने तो ब्रश गालाला लावला. आखूड केस थोडे जास्त झाले होते. मूठभर लांब घातले असते की जमला असता. तिने तो पिशवीत टाकला.

विकायला वेळ लागला. वकीलकाकांनी सगळं निस्तरलं. शिडीने हिशेब बघायलाच नकार दिला. "ताईला पोचले का, तेवढं सांगा," एवढंच तो म्हणे. शेवटी वकीलकाकांनी ताईला बोलावून तिचा चेक हातात दिला. नायलॉनच्या मशीनांना भंगाराचा भाव आला होता. बँक आणि पगार पुरे फिटले होते, पण तिच्या शेअरांची रक्कम पुरी भरली नव्हती, बरीच कमी पडली होती. शिडीच्या नावापुढे तर पूज्यच. "तूच सांग त्याला," वकीलकाका म्हणाले. "माझ्याच्याने व्हायचं नाही."

चेक घेऊन ती सरळ शिडीकडे निघाली. तो त्याच्याच हातात द्यायचा असं तिने ठरवलं होतं. भांडण झालं तर भांडायचं, पण द्यायचाच.

शिडी आता एका रंगाच्या दुकानात नोकरीला होता. ज्या दुकानदारांशी तो पूर्वी मालक म्हणून गप्पा मारायचा, त्यातल्याच एकाकडे. ती बाहेर उभी राहून काचेतून बघत राहिली. त्याने दुकानाचा निळा डगला घातला होता, तो त्याला आखूड होत होता. गिऱ्हाईकासमोर त्याने तीन ब्रश मांडले होते, दुसऱ्याच कुणाच्या कारखान्याचे, आणि काहीतरी गोड बोलून तो त्यातला एक खपवत होता.

तिला बघून तो बाहेर आला. डगल्याला हात पुसले. चेहरा शाळेचा निकाल विचारायला आलेल्या मुलासारखा झाला होता.

"पोचले?"

"पोचले." तिने पिशवीत हात घातला. चेक बोटांना लागला.

"पूर्ण?" त्याने विचारलं. "ताई, खरं सांग. सगळे मिळाले ना? कमी नाही ना पडले?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. घर गेलं होतं, कारखाना गेला होता, डगला दुसऱ्याचा होता. बाबांनी त्याच्यावर टाकलेलं एवढं एकच काम उरलं होतं जे आपल्या हातून नीट झालं असं त्याला म्हणता आलं असतं. चेक त्याच्या हातात ठेवला, तर त्याने आधी आकडाच वाचला असता.

तिने हात रिकामाच बाहेर काढला.

"हो रे," ती म्हणाली. "काठोकाठ."

शिडीने मोठा श्वास सोडला आणि हसला, अगदी साय खाताना हसायचा तसा. तेवढ्यात आतून मालकाने हाक मारली, वरच्या फळीवरचा डबा हवा होता. "आलो," म्हणत तो वळला. सगळ्यांत वरची फळी होती. त्याने नुसता हात लांबवला.